बत्तीसच्या पंगतीला चौसष्ट

भंगारवाल्याचा टेम्पो दाराशी लागला तवा मी कॉम्प्युटरवर बसलेली होते. तुमी समजता तसं न्हाई. खुर्चीत बसून पडद्याकडं बघत न्हवते. त्याचा जो लोखंडी डबा असतो, ज्याला सगळे सीपीयू म्हणतात, तो आडवा पाडून उंबऱ्यात ठेवला होता अन् पदर खोचून त्याच्यावर बसले होते, पाटावर बसावं तशी. टेम्पोवाला परभणीचा, त्या बिचाऱ्याला काय मालूम. त्यानं हॉर्न वाजवला. मी म्हणलं, वाजव बाबा, बॅटरी तुझीच जायलीय.

माझं नाव कडूबाई. आईला माझ्याआधीची लेकरं लाभली न्हाईत, म्हणून मी झाले तवा आजीनं हे नाव ठेवलं. कडू वस्तूला कोण हात लावतंय? मी जगले ते खरं, पण नावाचा गुण जिभेला लागला असं गाव म्हणतंय. म्हणू द्या. गोड बोलून माझं एकबी काम आजवर झालेलं न्हाई.

आमचं गाव बोरीच्या पलीकडं, फाट्यापासून आत. गावात महिला मंडळाची एक खोली हाय, जुन्या धान्याच्या गोदामाची. तिथं पोरी टायपिंग शिकतात, तिथूनच परीक्षेला बसतात. शिकवायचं मी बघते. ही खोली मिळवली सरजाबाईनं. सरजाबाई मंडळाची पहिली अध्यक्षीण. शाळेचं तोंड बघितलेलं न्हाई, पण ती बोलायला लागली की साहेब लोक आपली खुर्ची तिच्याकडं सरकवायचे. पापड-शेवया विकून तिनं पहिला कॉम्प्युटर आणला, तवा गाव हसलं. म्हणे बायका आता यात पुरण वाटणार.

मंग परभणीच्या एका कॉलेजानं आपले वापरलेले कॉम्प्युटर वाटले, त्यातले नऊ सरजाबाईनं आणले. आले तसं भांडण आलं. ज्याची-त्याची पोरगी नव्या मशीनवर बसायला पाहिजे, जुन्यावर कोणी बसेना. धुरपताबाईनं तर नातीचा हात धरून तिला खुर्चीवर नेऊन बसवलं अन् स्वतः शेजारी राखणीला उभी राहिली. सरजाबाईनं सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला कुलूप घातलं अन् भागवतला बोलावलं.

भागवत म्हणजे माझा दीर, मालकाचा चुलत भाऊ. ग्रामपंचायतीत सदस्य हाय अन् फाट्यावर त्याचं दुकान हाय, झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन अर्ज. गावात कॉम्प्युटरचं काही झालं की भागवत. सरजाबाईनं त्याला सांगितलं, पंगत एकदा बसली की दुजाभाव करायचा न्हाई, एकाच्या पानात पडतं ते सगळ्यांच्या पानात पडलं पाहिजे. सगळ्या मशिनी एकसारख्या करून दे. भागवतकडं सरजाबाईच्या पहिल्या मशीनच्या वेळची, मशीन चालवायच्या सिस्टीमची एक सीडी होती. तीच त्यानं दहाच्या दहा मशिनींत घातली. तवापासून कोणताबी कॉम्प्युटर लावा, तेच चित्र, तीच अक्षरं, तोच हळूपणा. भांडण मिटलं. आमी सगळ्या बाया लय खूश. सरजाबाई दोन सालामागं गेली, पण तिची पंगत तशीच चालू राहिली.

अन् या हिवाळ्यात टायपिंगच्या परीक्षेचा नवा प्रोग्राम आला. पोरींनी घालायला घेतला तर पडद्यावर एक चौकट आली, हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालणार न्हाई म्हणून. दुसऱ्यावर घातला, तेच. तिसऱ्यावर, तेच. पोरी माझ्या तोंडाकडं बघायल्या अन् मी चौकटीकडं.

भागवतला बोलावलं. तो आला, उभ्या-उभ्याच माऊस हलवला, कुठलंसं पान उघडलं, बोट ठेवलं अन् म्हणाला, बत्तीस बिट. दुसऱ्या मशीनवर गेला, तिथंबी बत्तीस बिट. बाकीची बघितलीच न्हाईत. हात झटकले. म्हणाला, वैनी, नव्या प्रोग्रामला चौसष्ट लागतंय, तुमचं समदं बत्तीस हाय, भंगारात घाला.

मी विचारलं, बत्तीसचं चौसष्ट करता येत न्हाई का? तो हसला. म्हणाला, म्हशीचं हत्ती करता येतंय का?

आठ दिवसांत ग्रामपंचायतीत ठराव झाला. मशिनी भंगारात द्यायच्या अन् खोली गावाच्या उपयोगाला लावायची. उपयोग कोणता? तर फाट्यावरचं भागवतचं दुकान गावात आणायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. सरपंच माणिकराव माणूस वाईट न्हाई, पण शेवटी जो बोलतो त्याचं त्याला पटतंय. मी तणतणत गेले तवा म्हणाले, पोरींना जिंतूरला पाठवा की, तिथं चांगले क्लास हायेत.

आता जिंतूरला पाठवा म्हणजे पाठवूच नका, हे त्यांनाबी ठाऊक हाय अन् मलाबी. सकाळची बस चुकली की दुपारची, संध्याकाळची आली तर आली. कोणता बाप पाठवणार? धुरपताबाईची नात भक्ती, हीच ती राखणीत बसलेली पोरगी, आता बारावी झालेली. तिची बोटं अशी चालतात की बघणाऱ्याचे डोळे मागं पडावेत. तिच्या बापाशी माझा करार होता. परीक्षा होईतो पोरीचं लग्न काढायचं न्हाई, पास झाली की नोकरीचं बघू. ठराव झाला त्याच संध्याकाळी तो माझ्या ओसरीवर येऊन उभा राहिला. चांगला बोलला, वाकडा न्हाई बोलला. म्हणाला, वैनी, क्लासच राहिना तर परीक्षा कशाची, मानवतचे पाहुणे विचारायलेत, त्यांना या म्हणून सांगतो. मागं भक्ती उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं.

त्या दिवशी माझ्या भाकरी करपल्या. माझी सून अर्पिता संक्रांतीला घरी आलेली होती. तिचं माहेर वालूर. परभणीला कॉम्प्युटर घेऊन बीएस्सी केलेलं अन् आता ती अन् माझा गोपाळ परभणीतच राहतात. ती माझ्या हातातलं पीठ घेऊन भाकरी थापायला बसली अन् मी भागवतच्या नावानं बोटं मोडायला मोकळी झाले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग विचारलं, आत्याबाई, पडद्यावर नेमकं काय लिहिलं होतं?

मी म्हणलं, बत्तीस बिट.

"अन् त्याच्यापुढं?"

पुढं? पुढं काय असतंय? मी बघितलंच न्हवतं. भागवतचं बोट जिथं थांबलं तिथं माझे डोळेबी थांबले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमी दोघी खोलीवर गेलो. तिनं एक मशीन लावलं, तेच पान उघडलं अन् मला वाचायला लावलं. इंग्रजी अक्षरं मला येतात, टायपिंग शिकवते म्हणल्यावर यायलाच पाहिजेत. अर्थ तिनं सांगितला. ओळ एकच होती, पण त्या एका ओळीत दोन गोष्टी होत्या. आधी लिहिलेलं, सिस्टीम बत्तीस बिटची. अन् त्याच्याच पुढं, प्रोसेसर चौसष्टचा.

मी म्हणलं, म्हणजे काय गं?

अर्पिता शेतकऱ्याची लेक, तिनं मला शेतकऱ्यासारखंच सांगितलं. प्रोसेसर म्हणजे रान. सिस्टीम म्हणजे ते रान कसणारा गडी. रान कॉलेजानं दिलं ते मोठं होतं, चौसष्टचं. गडी भागवतमामांनी ठेवला तो बत्तीसचा. मोठ्या रानात लहान गडी चालतो, कामबी करतो, म्हणून इतकी वर्षं कोणाला काही कळलं न्हाई. पण त्याच्या आवाक्यापुरतंच तो पेरतो, बाकीचं पडीक. तिनं खालची ओळ दाखवली. मशीनमध्ये मेमरी बसवलेली किती अन् त्यातली वापरता येती किती, हे तिथं लिहिलेलं होतं, अन् वापरायची बसवलेल्याहून कमी होती. इतकी वर्षं पोरी हळू मशीन हळू मशीन म्हणून रडायल्या अन् रान बाजूला पडीक पडलेलं. नवा प्रोग्राम चौसष्टच्या गड्याशिवाय दुसऱ्याशी बोलतच न्हाई. गडी बदला, रान तेच राहू द्या, तो चालंल. अन् आपला जुना टायपिंगचा प्रोग्रामबी चालंल, कारण मोठा गडी लहानाचं काम करू शकतो.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मी म्हणलं.

ती हसली. मंग दोन गोष्टी तिनं अशा सांगितल्या की माझं हसू जागच्या जागी राहिलं. एक, जुन्यावर नवा गडी चढवता येत न्हाई. आधीचं सगळं पुसून काढावं लागतंय, पोरींचं साठवलेलं काम आधी दुसरीकडं काढून ठेवायचं. ते ठीक, ते होण्यासारखं होतं. दुसरी गोष्ट तिनं सरजाबाईच्या मशीनपुढं उभं राहून सांगितली. तिथं ओळ शेवटपर्यंत वाचली तरी बत्तीसच होतं. सिस्टीमबी बत्तीस, प्रोसेसरबी बत्तीस. लहान रानात मोठ्याचं औत वळतच न्हाई, तो गडी तिथं पाय ठेवत न्हाई. नऊ होतील आत्याबाई, ती म्हणाली, हे दहावं काही केलं तरी व्हायचं न्हाई.

मी माणिकरावांकडं गेले. त्यांनी ऐकलं, मान डोलवली अन् सांगितलं की पुढच्या बैठकीत विषय घेऊ. मी म्हणलं, टेम्पो तर उद्या येणार हाय. ते म्हणाले, टेम्पो सांगून ठेवलाय ना आता. बघा, कसा कारभार हाय. बैल गेला अन् झोपा केला, अन् झोपा करायलाबी ठराव पाहिजे.

म्हणून मी उंबऱ्यात बसले.

तर टेम्पो. टेम्पो रिकामा आला असता तर मला इतका राग आला नसता. टेम्पोत भागवतच्या दुकानाचा काचेचा काउंटर होता, दोऱ्यांनी बांधलेला. जाताना आमच्या मशिनी न्यायच्या अन् येताना यांचं दुकान आणायचं, एकाच फेरीत. मी तो काउंटर बघितला अन् माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भागवत मोटारसायकलवरून उतरला अन् लांबूनच म्हणाला, वैनी, उठा, ठराव झालाय.

"तुमचा ठराव अर्ध्या ओळीवर झालाय," मी म्हणलं. "पुरी वाचा, मंग उठते."

गावाला तमाशा पाहिजेच असतो. बाया आल्या, पोरी आल्या, पारावरचे गडी आले. माणिकरावांना कोणीतरी बोलावून आणलं. भागवत म्हणायला लागला, वैनीला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय, तिला कोणीतरी भरवलंय. अर्पिता माझ्या मागं डोक्यावर पदर घेऊन उभी होती. भागवत तिचा चुलत सासरा लागतो, त्याच्यापुढं तोंड उघडायची रीत न्हाई. ती माझ्या कानात हळू बोलायची अन् मी ते गावाला ओरडून सांगायची. रान, गडी, बत्तीस, चौसष्ट. पोरी तोंडाला ओढणी लावून हसायल्या. माझंबी निम्मं इकडचं तिकडं झालं, खोटं कशाला बोलू. भागवतनं ते बरोबर पकडलं अन् म्हणाला, बघा, वैनीला बोलणाराचं बोलणं सुद्धा नीट सांगता येईना. कालची आलेली सून आता आमाला दुकान शिकवणार.

तवा अर्पिता माझ्या अंगावरून पुढं आली. पदर तसाच होता. तिनं खोलीतला एक कॉम्प्युटर लावला, ते पान उघडलं, बाजूला सरकली अन् सगळ्या गावादेखत सरळ त्याच्याशी बोलली.

"मामा, बत्तीसच्या पुढचं वाचा."

भागवत जागचा हलेना. माणिकराव म्हणाले, वाच की बाबा, वाचायला काय जातंय. मला ओलांडून यावं लागलं त्याला, कारण मी काही उंबऱ्यातून उठले न्हाई. त्यानं चष्मा लावला अन् वाचलं. आधी मनात, मंग माणिकरावांनी काय हाय रे विचारल्यावर मोठ्यानं. प्रोसेसर चौसष्टचा. दुसरं मशीन लावलं, चौसष्टचा. तिसरं लावलं, चौसष्टचा.

मला वाटलं, संपलं. पण भागवत असा हार मानणारा न्हाई, तोबी आमच्याच घरातला हाय. त्यानं चष्मा काढला अन् बायांकडं वळला. म्हणाला, ठीक हाय, चौसष्टचा हाय. मंग त्याच्यात बत्तीस घालायला मला कोणी सांगितलं होतं? त्याचं बोट भिंतीवरच्या सरजाबाईच्या फोटोकडं गेलं.

"समद्यांना एकच घाल, असा तिचा शब्द होता. मी तिचा शब्द पाळला. आता ती न्हाई म्हणून तुमी मोडणार का?"

वार लागायचा तिथं लागला होता. आमी सगळ्या सरजाबाईच्या शब्दावर उभ्या राहिलेल्या बाया. धुरपताबाई, जिची नात उद्या पाहुण्यांपुढं पोहे घेऊन जाणार होती, तीच मला म्हणाली, कडू, त्याचं खोटं न्हाई गं. नऊ मशिनी मोठ्या होतील अन् सरजाचं मशीन तेवढं मागं राहील. तिचंच पान पंगतीतून उठवायचं का आपण? मागून अजून दोघी-तिघी बोलल्या, न्हाई बाई, सरजाचा शब्द न्हाई मोडायचा. भक्तीनं खाली मान घातली.

मी तुम्हाला खरं सांगते, त्या घडीला मला भागवतचा राग आला न्हाई. मला सरजाबाईचा आला. काय म्हणून असा शब्द ठेवून गेलीस, म्हणलं. अन् रागातच मला ती दिसली, गावजेवणात कमरेला पदर बांधून पंगतीतून फिरणारी, हातात बुंदीचं भांडं. लेकरापुढून जाताना एक मूठ, गड्यापुढं आली की तो नको नको म्हणेपर्यंत.

"भाऊजी," मी बसल्या जागेवरूनच म्हणलं, "तुमी सरजाबाईच्या हाताखाली कधी वाढलंय का?"

गड्यांतला तो, जेवून उठणारा.

"आमी वाढलंय. तिच्या पंगतीत सगळ्यांना एका रांगेत बसवायचे. एकच पदार्थ सगळ्यांच्या पानात पडायचा. पण लहान लेकराचं पोट एका पोळीनं भरलं म्हणून तिनं गड्याला कधी एका पोळीवर उठवलं न्हाई. तुमी काय केलं? सगळ्यात लहान पोट बघितलं अन् तेवढंच नऊ जणांना वाढलं. अन् आता म्हणता हे नऊ जण अशक्त हायेत, यांना घराबाहेर काढा. हा सरजाबाईचा शब्द न्हाई. सरजाबाईच्या पंगतीतून अर्धपोटी कोणी उठल्याचं एकीनं तरी सांगा."

धुरपताबाईनं डोळ्याला पदर लावला अन् म्हणाली, न्हाई बाई, तिनं तर मला एकदा जबरदस्तीनं खाऊ घालून आजारी पाडलं होतं. अन् बाया हसल्या. आमच्याकडं बाया हसल्या की ठराव झाला.

माणिकराव म्हणाले, एक मशीन करून दाखवा, प्रोग्राम उघडला तर बोलू. अर्पितानं फोनच्या नेटवर चौसष्टच्या सिस्टीमचा पेनड्राइव्ह तयार करून आणलेला होता, तो तिच्या मुठीत होता सकाळपासून. पोरींचं काम आधीच काढून ठेवलं होतं. तिनं पेनड्राइव्ह लावला, पुसायचं म्हणल्यावर पुसलं अन् ती रेघ सरकायला लागली. लय हळू सरकती हो ती. गव्हाला पानी सोडल्यावर सरी भरायची वाट बघावी तशी सगळी बसली. कोणी तुरीच्या शेंगा आणल्या सोलायला. टेम्पोवाला आत येऊन बघून गेला, त्याला चहा दिला. लाईट जाती का म्हणून मी सगळ्या देवांची नावं घेतली अन् त्यातले निम्मे देव पहिल्यांदाच आठवले. लाईट गेली न्हाई.

मशीन उठलं. चित्र नवीन होतं. अर्पितानं ते पान उघडून दाखवलं, आता ओळीत दोन्हीकडं चौसष्ट. मेमरी जेवढी बसवलेली तेवढी जवळजवळ सगळी वापरात. मंग ती उठली अन् भक्तीला बसवलं. परीक्षेचा प्रोग्राम भक्तीनं स्वतः घातला. चौकट आली तशी माझा जीव खाली-वर झाला, पण ती चौकट न्हाई म्हणणारी न्हवती. प्रोग्राम उघडला. भक्तीनं बोटं ठेवली अन् पहिलं काय लिहिलं असंल? सरजाबाईचं नाव. तिचा बाप दारातल्या गर्दीत उभा होता, मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली अन् फोन काढून बाजूला गेला. मानवतच्या पाहुण्यांना त्यानं काय सांगितलं ते मला माहीत न्हाई. ते आले न्हाईत एवढं माहीत हाय.

माणिकराव म्हणाले, बरं, ठराव राहू द्या बाजूला. भागवतचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण तो अजून उभाच. म्हणाला, नऊ ठेवा. दहावं तर तुमच्याच सुनेच्या म्हणण्यानं व्हायचं न्हाई, ते तरी द्या, टेम्पो रिकामा कसा न्यायचा?

मी बसलेलीच होते. सकाळपासून ज्याच्यावर बसले होते तो डबा सरजाबाईचाच होता. नऊ न्यायला आले असते तर बाकीच्या बायांनी अडवलं असतं. हे दहावं कोणी अडवलं नसतं, म्हणून मीच त्याच्यावर बसले होते.

"रिकामा कामून?" मी म्हणलं. "तुमचा काउंटर हाय की त्यात."

टेम्पोवालाच सगळ्यात मोठ्यानं हसला. काउंटर जसा आला तसा फाट्यावर परत गेला. मी उठले, डबा उचलून आत नेला अन् त्याच्या जागी लावला. नव्या पोरीला आधी त्याच्यावरच बसवते मी. जुना टायपिंगचा प्रोग्राम त्याच्यावर चालतो, बोटं तिथंच घडतात. त्याचं पोट तेवढं हाय अन् ते पोटभर जेवतंय. बाकीच्या आठ मशिनी अर्पितानं दोन दिवसांत केल्या अन् करताना भक्तीला शेजारी बसवून शिकवलं. शेवटच्या दोन तर भक्तीनंच केल्या. तिनं परीक्षा दिली, पास झाली अन् आता सकाळी पोरींना माझ्याआधी तीच शिकवती. नोकरीचे अर्ज भरायली. बाप पाहुण्यांचं नाव काढत न्हाई.

परवा पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी दारात मोटारसायकल थांबली. भागवत. मागं टॉवेलात गुंडाळलेला डबा, दोरीनं बांधलेला. उंबऱ्याशी घुटमळला अन् मला विचारलं, अर्पिता आलीय का? मी म्हणलं, ती परभणीला हाय. मंग टॉवेलाची गाठ चाचपायला लागला. शेवटी सांगितलं की दुकानाच्या मशीनवर अर्जाचा नवा प्रोग्राम चालेना. तीच चौकट यायलीय.

मला उमगलं. त्याची एकच सीडी. आमच्या दहा मशिनींत घातली तीच त्यानं स्वतःच्या दुकानातबी घातलेली होती. इतकी वर्षं स्वतःबी त्याच पंगतीत अर्धपोटी बसला होता अन् आमाला भंगार म्हणायला आला होता. बोलायला माझ्या जिभेवर इतकं आलं की दात दुखले. पण हे काम आता माझं न्हवतं. मी आत बोट दाखवलं.

भक्तीनं त्याचा डबा घेतला, आमचा पडदा जोडला, पान उघडलं. पोरींची बोटं थांबली, सगळ्या वळून बघायल्या. भक्तीनं पेनड्राइव्ह हातात धरला, लावला मात्र न्हाई.

"काका," ती म्हणाली, "आधी ओळ वाचा."

भागवतनं चष्मा लावला. माझ्याकडं बघितलं न्हाई. बत्तीस बिटची सिस्टीम म्हणाला अन् थांबला. भक्तीबी थांबली. मी उंबऱ्यात बसले होते, मलाबी कुठं जायची घाई न्हवती.

मंग त्यानं पुढचं वाचलं, शेवटच्या अक्षरापर्यंत, सगळ्या पोरींना ऐकू जाईल असं. भक्तीनं पेनड्राइव्ह लावला.